राहिलेलं पिल्लू

वडिलांच्या मागे राहिलेलं त्यांचं कुत्रं घेऊन ती जनावरांच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी डुकरं पाळणाऱ्या मावशी, मांडीवरच्या टोपलीत एक पिल्लू. समोर डॉक्टरबाई उभ्या.

"अकरातली दहा जुलाबानं गेली, मावशी. हे एकच ठणठणीत. आतड्यातले मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू कुठल्या जनुकाला गप्प बसवायचं ते ठरवतात. या पिल्लाचे वेगळे असावेत, म्हणून वाचलं. बघायला आतडं लागेल."

"म्हणजे मारायचं?"

"पुढची वाचतील."

"का जगली ते कळायला मारायची? मादी आहे, वाढवते. हिची पिल्लं जगतात का बघा."

"तोवर आणखी मरतील, मावशी."

"मरतील. ही माझ्या हातून नाही जायची."

मावशींनी टोपली झाकली आणि कुत्र्याकडे पाहिलं.

"कुणाचं गं हे?"

"वडिलांचं. ते गेले."

"खातं का?"

"ते गेल्यापासून सोडलं होतं. आजपासून खातंय."