गोठ्याचं कुलूप आणि पऱ्हाट्यांचा कोळसा

कोळसा करायच्या माझ्या पिंपाच्या साखळीला जे कुलूप आहे ना, त्याबद्दल सगळे विचारतात. ते मुळात हदगावच्या माझ्या आत्याच्या गोठ्याचं आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तिच्या शेतातल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, कोळसा करत होते. सांडपाण्यातला रंग तो कितपत शोषून घेतो, हे तपासायचं होतं. सोमवारी नमुना पोहोचला नसता, तर प्रयोगशाळेतली माझी पाळी दुसऱ्या कुणाला मिळाली असती.

"लातूरला दोन वर्षं क्लास लावले, अन् आता कोळसा पाडून राहिली," आत्या म्हणाली.

रविवारी पिंपातल्या पऱ्हाट्या जळून काळ्या झाल्यावर मी झाकण घट्ट लावलं आणि उद्याच्या बसची चौकशी करायला स्टँडवर गेले. परत आले, तर झाकण बाजूला, आत पांढरी राख आणि राखेत वांगी.

"आत्या, झाकण तू काढलंस?"

"मग? एवढा इस्तू वाया घालवायचा व्हय? भरताची वांगी घातली."

"हवा आत गेली की कोळशाची राख होते. उद्या मी काय नेऊ?"

ती उठून स्वतःच पऱ्हाट्या मोडू लागली. पिंप पुन्हा पेटलं. या वेळी झाकण लागताच तिने साखळी आवळली, गोठ्याचं कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

संध्याकाळी मला राहवेना. "आत्या, जरासं उघडून पाहू दे."

"सकाळी, निवल्यावर. आज माझी वांगी चुलीत हायेत," ती म्हणाली, "तर तुझा हात बी बाहेरच ऱ्हाऊ दे."