आत्याचं कुर्रर्र आणि तीन घरांचं नेट

मंडळी, ऐका! आज एकच सवाल — घरात नेट घ्यायचं ते कशासाठी? बोलायला, की मोजायला? हसू नका! उत्तर द्या! नाही ना देता येत? मग आख्यान ऐका.

देवरुखजवळ यमुनाकाकूंच्या घरी नातीचं बारसं. धाकटा मुलगा श्रीरंग, त्याची ही लेक. आता बारशाला मान कुणाचा? आत्याचा! बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं तिनं. नाव निवडलंयही तिनंच आणि ठेवलंय मनात. पण आत्या, म्हणजे शाल्मली, जर्मनीत! यायला सुट्टी नाही. ढसाढसा रडली हो पोर. शेवटी ठरलं — फोन बाळाच्या कानाशी धरायचा!

तिघांचा व्हिडिओ फोन लागला. काकूंचे थोरले, बाळाचे जयंतकाका, कोरियातून पडद्यावर आले. आले ते कसे? "नमस्कार" नाही, "बाळ कसंय" नाही! म्हणे, "माझं चित्र बघा किती स्वच्छ! आमच्याकडे पिक्चर चहा गाळेपर्यंत उतरतो!"

शाल्मलीला झोंबलं. "तुझं कौतुक पुरे, दादा! इथे मी तुझ्या दुप्पट पैसे मोजते. बंद पडलं की माणूस यायला तीन आठवडे!"

श्रीरंग मागे राहतोय होय? "आमचं सगळ्यांत स्वस्त! फक्त वायर फणसावरून आलीय. वानर झुललं की गेलं!"

झालं! तिघांनी वेग मोजायला घेतला. हा आकडा दाखवतो, ती आकडा दाखवते, श्रीरंग म्हणतो थांबा, वानर उतरू दे! पाळण्यात बाळ रडून लाल. घुगऱ्या गार. काकू म्हणतायत, "अगं, नाव सांग!" ऐकतंय कोण?

शेवटी एकदाची शाल्मली पुढे वाकली. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "कुर्रर्र…"

आणि मंडळी, कुर्रर्र झालं की बायका काय करतात? आत्याच्या पाठीत धपाटे! पाठ तर जर्मनीत! मग हाणले फोनच्याच पाठीत! धप्प! फोन उडाला तो थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात. फोन बंद!

तिकडे जयंत म्हणतो, "माझी लाइन शाबूत आहे!" शाल्मली म्हणते, "वानर झुललं!" इकडे बाळाचा टाहो. काकूंनी शेजारच्या शेवंतीला पुढे ओढलं. "तू श्रीरंगला राखी बांधतेस ना? मग आत्याच तू. वाक!" शेवंती वाकली, सुचलं ते नाव कानात म्हणाली — मुक्ता. बाळ गप्प!

दुसऱ्या फोनवरून शाल्मलीला कळवलं. केवढी रडली! "आई, माझा मान गेला गं! कुणाची लाइन गेली?"

काकू म्हणाल्या, "कुणाचीच नाही, बाळा. अर्धा तास मुक्ताचा कान तुझ्यासमोर होता. तू आकडे सांगत होतीस."

 

आता तुम्ही! माना खाली घालू नका, मला दिसतंय सगळं! परदेशातून लेकीचा फोन येतो. ती "बाबा" म्हणते, तुम्ही म्हणता, "तिकडे नेट महिन्याला किती पडतं?" अहो, ती काय दुकान मांडून बसलीय? आज स्वतःहून फोन लावा. विचारा, "जेवलीस का गं?" आणि ती सांगेपर्यंत गप्प बसा! चला, आता देवाचं नाव घ्या, आणि घरी जाऊन लेकीचं.