मेस्त्रींच्या बेंचची दुरुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यायामशाळा संघटनेचे ज्येष्ठ मार्गदर्शक माननीय काशीनाथराव भोईर, प्रमुख पाहुण्या मिनलताई, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सगळे रविवारची सकाळ मोडून इथे सिल्व्हर पार्कला जमलो ते सत्कारमूर्ती बाबाजी मेस्त्री, सौ. मंदावहिनी, निरनिराळ्या व्यायामशाळांचे चालक, प्रशिक्षक, खेळाडू आणि माझ्या बंधू-भगिनींनो,

मी जयकुमार घरत. जुन्या भाईंदरात माझी व्यायामशाळा आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील. अध्यक्ष महाराज, घंटा जरा लांब ठेवा.

मेस्त्री पुढच्या आठवड्यात लांज्याला, आपल्या गावी, कायमचे चाललेत. सव्वीस वर्षं भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात त्यांनी काम केलं. तुमच्यापैकी नवीन मुलं म्हणतील, हे कोण? यांचा फोटो कुठे बघितला नाही, यांचे दंड काही अठरा इंची नाहीत. खरं आहे. मेस्त्रींनी आयुष्यात स्पर्धेत वजन उचललं नाही. पण उत्तनपासून दहिसरपर्यंत गेल्या पंचवीस वर्षांत ज्याने ज्याने वजन उचललं, त्याच्या हातात यांनी बनवलेला बार होता. आपल्या भागातल्या ताकदीवर सगळ्यात जास्त परिणाम कोणाचा झाला, असं मला कोणी विचारलं, तर मी एकाही पदकवाल्याचं नाव घेणार नाही. यांचं घेईन.

मेस्त्री मुळात लेथवरचे कारागीर. कंपनी बंद पडली, यांनी एक जुनी लेथ घेतली आणि गाळा टाकला. १९८३ साल. तेव्हा आमच्याकडे वजनाच्या प्लेट यायच्या त्या कुठल्यातरी भट्टीतून ओतून आलेल्या. वर वीस लिहिलेलं असायचं, आत साडेअठरा असो नाहीतर एकवीस. कोण बघतंय? मेस्त्रींनी बघितलं. सरकारी शिक्क्याचा वजनकाटा आणला आणि एकेक प्लेट त्याच्यावर ठेवली. जड असेल तर मागून भोक पाडायचं, हलकी असेल तर भोकात शिसं ओतायचं. वीस म्हणजे वीस.

आमच्याकडे एक दादा होते. नाव सांगत नाही, समोरच बसलेत. ते जमिनीवरून दीडशे किलो उचलायचे. मेस्त्रींच्या प्लेट आल्यावर दीडशे हलेना. एकशेबेचाळीसला अडकले. तणतणत गाळ्यावर गेले, "मेस्त्री, माझी ताकद कमी केलीत तुम्ही!" मेस्त्री लेथवरून मान वर न करता म्हणाले, "ताकद होती तेवढीच हाय. आज तुम्हाला कळली." दादा, हसताय ना? हसा. तुम्हीच पुढच्या वर्षी खरे दीडशे उचललेत.

आणि मिनलताईंची गोष्ट त्या स्वतः सांगतील, पण थोडी मी सांगून टाकतो. २००१ साली ताई शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनी काशीगावात बायकांसाठी पहाटेचा व्यायामाचा वर्ग काढला. बार एवढा जाड, की पकड बसेना. त्यांनी मेस्त्रींना विचारलं, बायकांचा वेगळा बार असतो का? मेस्त्रींनी तोपर्यंत असा बार पाहिलेला नव्हता. त्यांनी दोऱ्याचा तुकडा घेतला, आणि वर्गातल्या अकरा बायकांच्या मुठीची मापं घेतली. पंधरा किलोचा, बारीक पकडीचा बार केला. आज आपल्याकडे बायकांच्या सहा टीम आहेत. त्यांची सुरुवात त्या दोऱ्यापासून झाली.

तर असं हे काम. आता मी ज्यासाठी जास्त वेळ मागितला, तिकडे येतो.

या समारंभासाठी समितीने मला भाषण करायला सांगितलं, तेव्हा मुद्द्यांचा एक कागद दिला. जन्मगाव, शिक्षण, लेथ, बार, वगैरे. खाली एक ओळ होती. 'मेस्त्रींना वाईट वाटेल म्हणून २००४ च्या अपघाताचा उल्लेख टाळावा.' समितीने हे चांगल्या मनाने लिहिलं. पण ती ओळ वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. कारण त्या अपघाताबद्दल गप्प राहणं मेस्त्रींसाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा. डोक्याच्या बाजूला दोन उभे खांब असतात, त्यांना दोन आकडे. उचलून झालं की दमलेल्या हातांनी बार त्या आकड्यांवर परत ठेवायचा. माझ्या व्यायामशाळेतला बेंच मेस्त्रींचा होता. खांबावर पितळी पट्टी, 'बा. मेस्त्री, भाईंदर'.

जिल्हा स्पर्धा नऊ दिवसांवर होती. मेस्त्री दुसऱ्या कामासाठी आले होते, जाता जाता बेंचपाशी थांबले. डावा आकडा बोटाने चाचपला. म्हणाले, "सर, हा तडकलाय. याच्यावर कोणाला घेऊ नका. पाहिजे तसा पोलादाचा तुकडा आता माझ्याकडे नाही. पंधरा दिवसांत नवीन आकडा बसवून देतो."

मी हो म्हटलं. पण स्पर्धा नऊ दिवसांवर, आणि माझ्याकडे बेंच एकच. दुसऱ्या दिवशी मी हायवेवरून खिडक्यांच्या जाळ्या करणारा एक वेल्डर बोलावला. त्याने आकडा बघितला आणि मलाच विचारलं, "साहब, ये लोड लेगा क्या?" मी म्हटलं, "लेगा, तू कर." अर्ध्या तासात जोडून दिला. त्याचा दोष नाही, त्याने विचारलं होतं. तो गेल्यावर मी काळ्या रंगाचा डबा आणला आणि जोड झाकून टाकला. कोणाला दिसू नये म्हणून. हे मी जाणूनबुजून केलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रोहित शिगवण त्या बेंचवर होता. रोहित तेव्हा बावीस वर्षांचा. राज्य स्पर्धेच्या निवडीत त्याचं नाव जवळजवळ नक्की होतं, आणि त्याच्यावर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी अवलंबून होती. एकशेदहा किलो त्याने स्वच्छ उचललं. बार आकड्यावर ठेवला, हात सोडला, आणि डावा आकडा निखळला. बार त्या बाजूने खाली आला. दोन बाजूंना मी आणि आणखी एक जण उभे होतो, आम्ही धरायचा प्रयत्न केला, पण डाव्या हातावर पडायचा तो पडलाच. कोपराच्या खालची दोन्ही हाडं मोडली. आत स्टीलच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. रोहित पुन्हा स्पर्धेत उतरला नाही.

नाही मेस्त्री, तुम्ही हात करून बसायला सांगू नका. आज मी बसणार नाही.

त्या दिवशी मेस्त्री धावत आले. बेंचपाशी उकिडवे बसले. तुटलेल्या जागेवर नख फिरवलं. मी जाड थापलेला रंग आतून अजून सुकला नव्हता, त्यांच्या नखाला काळं लागलं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"रोहित कसाय?"

"ऑपरेशनला नेलंय," मी म्हटलं.

ते तसेच बसून राहिले. थांबले. मी काही बोललो नाही. मागे चार-पाच जण उभे होते. त्यातला एक म्हणाला, "मेस्त्री, तुमचा माल असा निघेल असं वाटलं नव्हतं." मेस्त्री उठले. म्हणाले, "पट्टीवर नाव माझं आहे. मी बघतो काय ते." आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाळ्याला कुलूप लावलं. तीन आठवडे, पिशवीत अवजारं घेऊन, कधी बसने, कधी रिक्षाने, हा माणूस व्यायामशाळा-व्यायामशाळा फिरला. जिथे जिथे त्यांचा बेंच होता तिथे तिथे त्यांनी एकेक जोड तपासला. चौक गावात आमच्या विठू तांडेलांच्या व्यायामशाळेत एक आकडा असाच तडकलेला सापडला. त्याच्यावर रोज शंभरच्या वर वजन पडत होतं. विठूभाऊ इथे आहेत, ते सांगतील. त्याच फेरीत मेस्त्रींनी प्रत्येक बेंचला, झोपलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, दोन आडवे दांडे बसवून दिले, वरून बार सुटला तर अंगावर येऊ नये म्हणून. ते दांडे आज आपण सगळे वापरतो. बाहेरगावचे लोक येऊन त्यांचा नमुना काढून घेऊन गेले.

पण लोक काय म्हणाले? लोक म्हणाले, बघा, चूक कळली म्हणून फिरतोय. त्या वर्षी त्यांच्याकडे नवीन बेंचची एकही ऑर्डर आली नाही. हाताखालचा माणूस सोडून गेला. मंदावहिनींना बाजारात कोणीतरी तोंडावर विचारलं, "पोराचा हात मोडला तो तुमचाच बेंच ना?" वहिनी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला दुसरीकडून कळलं. कळूनही मी गप्प राहिलो.

का राहिलो? सुरुवातीला भीती होती. पोलीस येतील, व्यायामशाळा बंद होईल. नंतर भीती गेली, पण गप्प बसायची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, बंधूंनो. दर वर्षी मी दसऱ्याला मेस्त्रींच्या गाळ्यावर जाऊन सोनं द्यायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो.

गेल्या रविवारी मी आधी रोहितला सांगितलं. रोहित आज माझ्याच व्यायामशाळेत प्रशिक्षक आहे. तो नवीन मुलांचा व्यायाम घेत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. त्याने ऐकलं. मग परत गेला, मुलांच्या राहिलेल्या फेऱ्या पूर्ण करून घेतल्या, त्यांना घरी पाठवलं, आणि आला.

म्हणाला, "सर, मी पाच वर्षं मेस्त्रींना नमस्कार केला नाही. समोरून आले तर रस्ता बदलतो मी. त्याचं काय करायचं आता?"

मी म्हटलं, "रोहित, तू मला काय म्हणायचं ते म्हण." तो म्हणाला, "तुम्हाला काय म्हणावं, तेच मला अजून कळलेलं नाही." तो माझ्याकडे पुढे काम करणार की नाही, हेही त्याने सांगितलेलं नाही. तो इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. आज सकाळी सभागृहात आल्यावर सगळ्यात आधी तो मेस्त्रींच्या पाया पडला. ते तुम्ही काही जणांनी बघितलं असेल, आता का ते कळलं असेल.

रोहितनंतर मी गाळ्यावर गेलो. मेस्त्री अवजारं पेटीत भरत होते. मी बोलायला लागलो तसे म्हणाले, "माहीत हाय मला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल. आज बोलाल, उद्या बोलाल." मग कानस फडक्यात गुंडाळत म्हणाले, "आणि सर, थोडं माझंही होतं. आकडा तडकलेला मी बघितला होता. तो तिथल्या तिथे कापून न्यायला पाहिजे होता. मी तोंडी सांगून गेलो. स्पर्धा जवळ आल्यावर कोण थांबतं, हे मला कळायला नको होतं? रात्री तेच आठवायचं. म्हणून फिरलो सगळीकडे."

मी म्हटलं, समारंभात हे सांगणार आहे. ते म्हणाले, "माझ्यासाठी नका सांगू. रोहितला सांगितलंत ना? मग बास झालं."

मेस्त्री, तुमच्यासाठी बास असेल. पण तुमचं ऐकून मी एकदा हो म्हटलं होतं आणि पाळलं नव्हतं. आज निदान उघडपणे पाळत नाहीये.

अध्यक्ष महाराज, आपल्या संघटनेच्या २००४ च्या इतिवृत्तात एक वाक्य आहे. 'बाबाजी मेस्त्री यांनी बनवलेल्या बेंचमधील दोषामुळे अपघात झाला.' त्या सभेला मी हजर होतो, खाली माझीही सही आहे. हे पत्र मी लिहून आणलंय. मेस्त्रींनी काय बजावलं होतं, दुरुस्ती कोणी करवली, रंग कोणी लावला, सगळं माझ्या सहीने लिहिलंय. ते वाक्य दुरुस्त करावं, आणि संघटनेला माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. हे घ्या. मेस्त्री लांज्याला जायच्या आधी दुरुस्त झालेलं पान त्यांना दाखवलंत तर बरं होईल.

समितीचे आभार. मला बोलायला सांगितलंत, आणि मी तुमचा कागद बाजूला ठेवला तरी मधे थांबवलं नाहीत. मिनलताई, तुमचा वेळ मी खाल्ला. मंदावहिनी, तुमच्यापुढे मी हात जोडतो, याहून जास्त काय करू ते मला माहीत नाही. सभागृहाचे आणि चहापाण्याची व्यवस्था बघणाऱ्या मंडळींचेही आभार.

बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द इकडचा तिकडे गेला असेल, तर तो तुम्ही सगळ्यांनी पदरात घ्यावा. २००४ च्या चुकीचं मात्र तसं करू नका. तिची माफी या दोघांकडे मागायची आहे, एक व्यासपीठावर आहेत आणि एक तिसऱ्या रांगेत. त्यांनी आज काही बोलावं असं माझं म्हणणं नाही. मी भाईंदरातच आहे. विचार करून, सावकाश, जे काय असेल ते सांगावं.

नमस्कार.