गुरव्वा, माकड आणि ऑक्टोपस

घट्ट झाकणाचा विषय निघालाच आहे, तर हे ऐका. गेल्या वर्षी मी शेंगाचटणीसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडून काचेच्या बरण्या आणल्या. मैंदर्गी गावच्या वयस्कर गुरव्वांनी, आमच्या अव्वांनी, लेकीच्या सासरी द्यायला वीस बरण्या सांगितल्या होत्या. नमुन्याची एक घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच घेऊन दुकानात हजर.

"शेठ, ह्ये उघडंना की. लेकीची सासू काय म्हणंल? ऱ्हाऊ द्या तुमची ऑर्डर."

बाकावर शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे शेजारी सर चहा पीत होते. ते म्हणाले, "अव्वा, समुद्रातला ऑक्टोपस असली झाकणं फिरवून उघडतो. अंगात एक हाड नाही, शिकवायला आईसुद्धा नाही, सगळं आपलं आपण शिकतो."

शेजारी बसलेले ट्रकवाले रशीदभाई म्हणाले, "त्यात काय सर. मोडनिंबच्या ढाब्यावरचं माकड बाटलीचं बूच काढतंय. आईचं बघून पिल्लूबी काढतंय."

मला वाटलं, ऑर्डर वाचवायची हीच वेळ आहे. म्हटलं, "बघा अव्वा, माकडाला जमतं, ऑक्टोपसला जमतं, मग तुम्हाला का नाही जमणार?"

गुरव्वांनी बरणी शांतपणे माझ्यासमोर ठेवली.

"त्या समुद्रातल्याला हात किती असत्यात वो मास्तर?"

"आठ," सर म्हणाले.

"आन् माकडाला पायबी हातावानीच. मला दोनच हायत, त्यात ह्यो उजवा वातानं धरलाय. बरण्या तुमी त्यांनाच विका. मला आपली पिशवीत बांधून द्या."

मी तराजू पुढं ओढला.