न मागितलेली निवृत्ती आणि गल्लीची भट्टी

सन्मान्य अध्यक्ष मारुतीराव, व्यासपीठावर विराजमान झालेली देवस्थानची पंचमंडळी, समारंभाचे चिटणीस जोतिराम, आणि समोर बसलेल्या आमच्या शहापूरच्या विणकर गल्लीतील बंधूंनो व भगिनींनो, आपणा सर्वांस ह्या आण्णाप्पाचा सविनय नमस्कार.

भाषण लांबवू नये अशी मला घरातून ताकीद आहे. तिचे कारण शेवटी सांगेन.

आपण माझ्या खांद्यावर शाल घातलीत, हाती श्रीफळ दिलेत. माझ्याविषयी चार वक्ते बोलले, आणि चौघांनीही 'आण्णाप्पा नानखटाईची भट्टी चालवीत असत' असे सांगितले. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. तरीही हयात माणसाविषयी असे बोलू नये, इतके त्या चौथीत मला कळले होते. सज्जनहो, मी भट्टी चालवतो. माझ्या निवृत्तीची वार्ता मला भट्टीच्याच दारावर खळीने चिकटवलेल्या जाहिरातीवरून समजली. मी ती वाचत उभा असता हेच जोतिराम तेथून चालले होते. म्हणाले, "वाचलंसा न्हवं आप्पा? यायचं हं. तुमच्याबिगर कसं व्हायचं!"

माझ्याच निरोपाला मी अगत्याने यावे, हे आमंत्रण मी स्वीकारले.

पंचांचे म्हणणे असे, की भट्टी शिमग्यापासून थंड आहे, जागा देवस्थानची आहे, तेव्हा ती पाडून तेथे वाचनालय बांधावे. वाचनालयास माझा विरोध आहे काय? मुळीच नाही. मी स्वतः वर्तमानपत्र वाचतो, मोठ्याने वाचतो, आणि शेजाऱ्यांना ते ऐकावे लागते. परंतु देवळामागे मोकळी जागा असता ग्रंथांना माझ्या भट्टीचाच मोह का पडावा?

भट्टी थंड का पडली, हे येथे कोणी बोलले नाही. मी बोलतो. लष्कराच्या कॅम्पातल्या कोण्या खानसाम्याची युक्ती आमच्या गल्लीत शिरली. पातेल्याच्या तळाशी वाळू पसरायची, आत ताटली ठेवायची, झाकणावर निखारे रचायचे, आणि म्हणायचे, आमची बिस्किटे घरीच होतात! होतात, हे खरे. आता चहाबरोबर आपण सर्वांनी जी खाल्लीत, ती अशीच झालेली होती. वरून फिकी, खालून करपलेली. जयाबाई, आपण काही म्हणालात काय? "खाली कुठं करपलीया, आप्पा?" असे त्या विचारत आहेत. बाई, उरली असेल तर उलटी करून पाहावी.

माझी तक्रार करपण्याची नाही. भट्टी एका घरच्या ताटासाठी पेटत नसते. अख्ख्या गल्लीची ताटे आली, तरच तिला घातलेले लाकूड सार्थकी लागते. म्हणून एक दिवस ठरवावा लागे, बायका आपापले पीठ मळून आणत, आणि ताटे आत गेल्यावर दाराशी बसून राहत. कोणाची कोणती हे कळावे म्हणून प्रत्येक घराचा ठसा असे. कोणी मागावरच्या कांडीचे टोक दाबी, कोणी फणीचे दात उमटवी.

एका खेपेची गोष्ट, ह्याच जयाबाई आणि त्यांच्या जाऊ गुणाबाई. वाटण्या झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण दोघींनीही घरची सवय म्हणून कांडीचेच टोक दाबले, आणि ताटे बाहेर काढताना माझ्या हातून दोघींच्या नानखटाया एकत्र झाल्या. आता निवडायच्या कशा?

जयाबाईंनी एक उचलून चावली. "ही माझी. ह्यात येलदोडा हाय."

"तुझ्या येलदोड्याला वास तरी हाय का गं? ही माझी हाय!" असे म्हणून गुणाबाईंनी दुसरी उचलली.

"तूप बघ की जरा! तुझ्या हातनं एवढं तूप सुटतंय व्हय?"

"न्हाय सुटत. तुझ्यागत सासूच्या डब्यातलं घालत न्हाय मी!"

सगळ्या बायका हसल्या. त्या दोघीही हसल्या. चाखता चाखता निम्मे ताट संपले, आणि उरलेले एकाच फडक्यात बांधून दोघी बरोबर घरी गेल्या. आज त्या दोघी ह्या सभेत शेजारीशेजारी बसल्या आहेत. मला सांगा, आपापल्या झाकणावर निखारे रचून, दारे लावून बसल्या असत्या, तर हे घडले असते काय? माझा जीव जळतो तो ह्यासाठी.

मी पंचांकडे गेलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, एकदा भट्टी भरून दाखवा, आम्ही हात लावत न्हाय. न्हायतर सोमवारी गवंडी येणार." मी घरोघर गेलो. प्रत्येक घरी मला पाट मिळाला, पाणी मिळाले, आणि "बघू की, आप्पा" असे उत्तर मिळाले. ताट कोणी कबूल केले नाही. त्याऐवजी आपण वर्गणी काढून ही शाल आणलीत.

आता त्या ताकिदीचे कारण सांगतो. येथे येण्यापूर्वी मी भट्टी पेटवून आलो आहे. माझ्या सत्काराच्या सभेला अख्खी गल्ली एका जागी जमणार, असा दिवस मला पुन्हा कोठून मिळणार? एव्हाना लाकडे जळून निखारे ओढून झाले असतील. माझी पत्नी यल्लव्वा दाराशी बसून आहे. निघताना ती म्हणाली, "भाषण लई लांबवू नगा. भट्टी निवंल."

भगिनींनो, नानखटाईला आंबवण लागत नाही, पीठ झाकून ठेवावे लागत नाही. पिठी, तूप, साखर, चिमूटभर सोडा. येथून उठून घरी जाऊन मळलीत, तरी ताप शिल्लक असेल. अध्यक्ष महाराज, आपल्या घरूनही एक ताट यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. भट्टी भरली की नाही, हे आपणांस समक्षच मोजता येईल.

माझ्या बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, कोणाच्या बिस्किटांचा वा मनाचा अवमान झाला असेल, तर वयाकडे पाहून क्षमा करावी. आपण येथवर आलात, ऐकून घेतलेत, ह्याबद्दल मी ऋणी आहे. आणि शालीबद्दल तर मनापासून आभार. यल्लव्वाजवळचे पोते पार फाटले आहे, आणि गरम ताटे बाहेर ओढायला जाड कापड लागणारच आहे.