डगने काढलेला प्लग

कॅथरिन गावाच्या वाटेवर, पेट्रोलच्या लांब रांगेत माझ्या पुढे मर्ल आणि तिचा नवरा डग यांची गाडी तापली होती. मागच्या सीटवर मर्लची बहीण. तिचं तीन वाजता डायलिसिस. आयव्हर नावाचा मेकॅनिक रांगेतून पुढे आला.

"पळताना तापते का, बाई?"

"नाही. थांबली की तापते."

"एसी लावा. रेडिएटरचा पंखा फिरतोय?"

"ढिम्म."

"फ्यूज?"

"यांनी दोनदा बदलला."

"वाटेत नदी ओलांडलीत?"

"सकाळीच. पाणी पार बॉनेटपर्यंत."

"मग पंख्याचा प्लग काढला असेल. फिरतं पातं पाण्यात वाकून रेडिएटर फाडतं."

"काढला तर! मी काय नवशिका आहे?" डग म्हणाला.

"पलीकडे गेल्यावर परत कुणी लावला?"

मर्ल नवऱ्याकडे वळली.

"डग?"

"तुझी बहीण घाई करत होती ना..."

"इंजिन बंद कर. प्लग मी लावते. तू मागे जा, आणि हे तिला तोंडावर सांग."