उलटं चालायचा दिवस

वेल्डर : नाही बाई, बसत नाही. कपडे काळे आहेत माझे, बाकाला लागतील. आधी ही धाकटीची वही बघा.

बाई : बघितलीय. तपासायला माझ्याकडेच होती.

वेल्डर : मग लाल पेनाने 'दुसरा दिवस निवड' असं का लिहिलंत? वर्गातल्या प्रत्येकाने एकेक जागतिक दिवस घ्यायचा, असं तुम्हीच सांगितलंत ना? कोणी पक्ष्यांचा घेतला, कोणी हात धुण्याचा. कोणी सुरू केला, का केला, कोण पाळतं, एवढंच लिहायचं. धाकटीने उलटं चालायचा घेतला. बहिणीचा दिवस.

बाई : लहान आहे ती. तिला त्रास होईल म्हणून म्हटलं.

वेल्डर : त्रास वेगळाच झालाय तिला. आठवडाभर शोधतेय. वाचनालय झालं, मामाचा फोन झाला. चहाचा दिवस सापडतो, मांजराचा सापडतो, हा सापडत नाही. काल जेवताना म्हणाली, बाबा, ताई खोटं बोलली होती का?

फळा : आजचा दिवस :

वेल्डर : आज तुम्ही फळ्यावर पुढे काहीच लिहिलं नाहीत.

बाई : या तारखेला नाही लिहीत. आठ वर्षं झाली. मुलं विचारतात, तेव्हा खडू संपला म्हणते.

वेल्डर : डबा तर भरलेला दिसतोय.

बाई : मुलांनाही दिसतो.

वेल्डर : त्या दिवशी मोठी जिना चढता चढता सांगत होती, बाबा, आज सगळं जग उलटं चालतंय. गॅलरीचा कठडा मी त्याच सकाळी कापून खाली दुकानात आणला होता. गंजला होता, नवे गज लावायचे होते. म्हटलं, जपून गं. पण तोंडावर मास्क, समोर ठिणग्या. ती वर मोजत होती, ते ऐकू येत होतं. सात, आठ, नऊ. दहा ऐकू आला नाही.

बाई : नका सांगू.

वेल्डर : मी कधी कोणाला बोल लावला नाही. चौकशीला साहेब आले तेव्हाही नाही. म्हटलं, त्या दिवशी लाखो पोरं उलटी चालली आणि रात्री आपापल्या घरी जेवली. माझीच पडली, कारण माझ्याच गॅलरीला कठडा नव्हता. सरळ गोष्ट आहे. तुम्ही लेखी दिलं होतंत ना, जागतिक दिनानिमित्त उपक्रम म्हणून?

बाई : दिलं होतं.

वेल्डर : मग कोणी सुरू केला, तेवढं नाव सांगा. धाकटीला देतो लिहून आणि जातो.

बाई : बसा तुम्ही. होऊ दे बाक काळा.

वेल्डर : नाव सांगा.

बाई : मी.

वेल्डर : तुम्ही काय?

बाई : मी सुरू केला. रोज एक दिवस पाळायचा, त्यावर धडा घ्यायचा, हा माझा शिरस्ता. हेडमास्तर पाहुण्यांना मुद्दाम माझा फळा दाखवायला आणायचे. यादीत ती तारीख रिकामी होती. सकाळी केस विंचरताना आरशापासून मागे सरकले आणि सुचलं. मापनाचा धडा चालूच होता. सरळ किती पावलं, उलटी किती, फरक काढा. नुसता खेळ म्हटलं असतं तर वर्गातच संपला असता. मी म्हटलं, आज सगळं जग चालतंय, घरीही करून बघा.

वेल्डर : घरीही.

बाई : हो. कठडा नव्हता, खरं आहे. पण तिला त्या बाजूला पाठ करून चालायला मी लावलं. चौकशीतच बोलायला हवं होतं. नोकरी कायम व्हायची होती, जीभ रेटली नाही. मग वर्ष उलटलं. मग दुसरं. मग कोणत्या तोंडाने सांगायचं?

फळा : आजचा दिवस :

वेल्डर : म्हणजे ताई खोटं बोलली नव्हती.

बाई : नाही. ताईला सांगणारी बोलली.

वेल्डर : दरवर्षी आज मी बाजारातून घरापर्यंत उलटा चालत जातो. गल्लीतले हसतात, याचं डोकं फिरलंय म्हणतात. बायको दार लावून घेते. मी मनात म्हणायचो, हसा लेको, आज कुठे कुठे लाखो माणसं चालतायत माझ्याबरोबर. आठ वर्षं मी एकटाच चालत होतो?

बाई : एकटे नाही. दरवर्षी आज शाळा सुटली की मी व्हरांड्यात उलटी चालते. तिथे सगळ्यांची पावलं काढली होती आम्ही, ऑइलपेंटने. नंतर मी फरशी घासून घेतली, वरून रंग दिला. बाकीची गेली. एक जोडी अजून वर येते.

वेल्डर : डावा अंगठा आत वळलेला.

बाई : हो.

वेल्डर : वाटलं होतं, असं काही ऐकलं तर हलकं वाटेल. नाही वाटत. घ्या ती वही आणि लिहा. कोणी सुरू केला?

बाई : ही वही हेडमास्तरांकडे जाते.

वेल्डर : जाऊ दे.

बाई : 'आमच्या बाईंनी.' का? 'तारीख रिकामी होती म्हणून.' घ्या, खाली सही केलीय. कोण पाळतं? 'बाबा. बाई.'

वेल्डर : धाकटीही. ती माझ्याबरोबर सरळ चालते, गटार आलं की सांगते.

बाई : कठड्याचं लिहू?

वेल्डर : नको. तो माझ्याकडे राहू दे.

(दोघं व्हरांड्यात येतात.)

वेल्डर : कुठून चालली होती ती?

बाई : या दारापासून. चाला तुम्ही. मी आहे मागे, काही आडवं आलं तर सांगेन.

वेल्डर : एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ.

बाई : थांबलात का?

वेल्डर : पुढचा माझ्या तोंडून येत नाही.

बाई : दहा.